कोरसमावशी मान वळवतात

दूध वर यायच्या बेतात होतं, आक्कांची कवळी सापडत नव्हती, आणि आमचे हे एका गालाला साबण लावून टॉवेलासमोरच उभे राहून "टॉवेल कुठाय?" असं विचारत होते. थोडक्यात, आमच्या घरातली सकाळ सुरळीत चालली होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बेल असताना टकटक करणारं आमच्या मजल्यावर एकच घर, शेजारच्या कोरसमावशींचं. रेकॉर्डिंगच्या दिवसांत कुणी बेल वाजवू नये म्हणून मावशींनी आणि त्यांच्या सुनेनं अख्ख्या मजल्याला हात जोडले होते. मजला आठवड्याभरात विसरला. त्या दोघींच्या मात्र ते अंगात मुरलं.

दारात सून उभी. गळ्यात हेडफोन, केस विंचरायचे राहिलेले, हातात उघडा लॅपटॉप.

"काकू, तुमचा मिक्सर लावता का जरा?"

"काय वाटायचंय?"

"काही नाही. रिकामाच लावा."

मी शेजाऱ्यांना साखर दिली आहे, शिडी दिली आहे, कपाट सरकवायला एकदा नवराही दिला आहे. पण रिकामा मिक्सर फिरवून द्यायची मागणी पहिलीच. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "आधी आत ये. काय झालंय ते सांग."

काय झालं होतं ते कळायला मावशी कोण ते आधी सांगायला हवं.

कोरसमावशी जन्मभर कोरसमध्ये गायल्या. जाहिरातीत मुख्य गायिका साबणाचं नाव घेते आणि तिच्यामागे दहाबारा बायका "आऽऽ" करतात ना, त्या दहाबारांतल्या एक. नाटकात पडद्यामागून जो जमाव गातो, त्या जमावातल्या एक. उंच असल्यामुळे कायम मागच्या रांगेत. त्यांच्याकडे जुने फोटो पुष्कळ आहेत, पण एकाही फोटोत त्या पुऱ्या नाहीत. कुठे कुणाच्या खांद्यामागून अर्धा चेहरा, कुठे नुसतं कपाळ आणि केसांचा भांग. मी एकदा एक गाणं ऐकताना विचारलं होतं, "मावशी, यात तुमचा आवाज कुठला?" तर म्हणाल्या, "अगं, ओळखू आला असता तर दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं नसतं."

त्यांचं सगळं वागणंच तसं. जिना चढताना पावलं वाजत नाहीत, दार लावलं तर कळत नाही. आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी इमारत आक्काच म्हणते, त्या तर म्हणतात, "ही बाई घरात आली तरी तिची गैरहजेरी लागते."

अशा बाईला मिळालेली सून गाणारं सॉफ्टवेअर बनवते. आपण शब्द टाइप करायचे, सुरांच्या पट्ट्या पडद्यावर मांडायच्या, आणि ते माणसाच्या आवाजात गातं. पण आवाज काही यंत्राला फुटत नाही. तो कुणाकडून तरी घ्यावा लागतो. त्या माणसानं बाराखडीतला एकेक तुकडा खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरात गाऊन द्यायचा. मग सॉफ्टवेअर हवे ते तुकडे उचलतं, जोडतं आणि त्याचं गाणं करतं. सुनेच्या कंपनीत कुणाचा आवाज घ्यायचा यावर खल चालला होता, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंचा ऐकून तर बघा." सगळ्यांना तो आवडला. जन्मात पहिल्यांदा मावशी एकट्या गाणार होत्या, मागे ना पुढे कुणी.

मावशींनी ते सगळे तुकडे आपल्या घरच्या मागच्या खोलीत, खिडकीला गाद्या लावून, दार आतून लावून गायले. सून दाराबाहेर लॅपटॉप घेऊन बसायची.

मग सुरू झाला दोष काढण्याचा कारखाना. जगात सासूचे दोष काढायचा पगार मिळणारी सून मी एवढी एकच पाहिली. तिच्या घरातले संवाद भिंतीपलीकडून कानावर यायचे.

"आई, तुमचा 'स' गॅस गळल्यासारखा येतोय."

"आणि तुझा भात गॅस संपल्यासारखा आलाय, खा आता."

वरच्या सुरात आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजायचा. दोन तुकड्यांच्या सांध्यावर बारीक टक् व्हायचं, जशी शिवणीत गाठ हाताला लागते. लांबवलेल्या सुरावर कंप यायचा तो इतका एकसारखा की जणू कुणी मोजपट्टीवर काढलाय. हे सगळं तिनं एकेक करून नीट केलं होतं.

"पण एक जात नाही," माझ्या ओट्याशी उभी राहून ती म्हणाली. "प्रत्येक अक्षर शेवटी पोकळ होतं. सूर चांगला भरलेला सुरू होतो आणि संपता संपता कुठेतरी निघून जातो. पुढचं अक्षर आलं की परत येतो. ज्यांना चाचणीला दिलं होतं त्यांतल्या एकानं लिहिलंय, गायिका मधूनमधून दार उघडून बाहेर जाऊन येते."

"मग माझ्या मिक्सरचा काय संबंध?"

"मागे घरघर असली की सॉफ्टवेअर ती पुसून काढतं. घरघर पुसताना सुराची शेपटीही पुसली जात असेल. तुमचा ओटा आणि आमची मागची खोली, मध्ये एकच भिंत."

म्हणजे खापर माझ्या मिक्सरवर! मला जरा लागलंच. पण तिचा चेहरा पाहून मी भांडण पुढे ढकललं.

"नाही झालं नीट तर?" मी विचारलं.

"सोमवारी ठरवणार आहेत. एका तरुण गायिकेचा आवाज तयार ठेवलाय. आईंचा बाजूला काढतील." "आणि आई म्हणतात, काढू देत. कालपासून तीनदा म्हणाल्या. पण पहाटे उठून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होत्या, मी ऐकलं."

मी मिक्सर लावला.

सून पळत तिच्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून हाक आली, "अजून! जोरात!" मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. आमचे हे साबणासकट धावत आले. "काय जळतंय?"

"काही नाही. रिकामा फिरवतेय."

"का?"

"शेजारधर्म."

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि साबण धुवायला परत गेले. इतक्या वर्षांत माणूस शहाणा होतोच. मिक्सरनंतर धुण्याचं यंत्र झालं, मग आक्कांचा खडखडणारा पंखा झाला. सून परत आली ती खांदे पाडून. माईकवर आमच्या घरचं काही म्हणता काही पोचत नव्हतं. शिवाय आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो त्या दिवशी गायलेल्या तुकड्यांनाही हाच रोग होता.

"माझा मिक्सर निर्दोष सुटला," मी म्हटलं. ती हसली, पण वरवर.

तिच्या मागोमाग मावशी आल्या. म्हणजे त्या आलेल्या कळल्या नाहीत, खुर्चीत बसलेल्या दिसल्या. गळ्याला लोकरी मफलर, बाहेर घाम फुटत होता तरी.

"तुझी सकाळ मोडली गं," मला म्हणाल्या. "हिला मी सांगतेय, गळा जुना झालाय. जुन्या कापडाला कितीही रफू करा."

"गळा जुना नाही, आई. सुरुवात बघा कशी खणखणीत येते."

"सुरुवात सगळ्यांचीच खणखणीत असते." मग मला उद्देशून, अगदी सहज, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाल्या, "एकदा मुख्य गायिका आली नव्हती. आमचे कोरसचे मास्तर म्हणाले, तू म्हण एक कडवं. म्हटलं मी. स्टुडिओच्या काचेपलीकडून निरोप आला, आवाज गोड आहे, पण टिकत नाही. तेव्हा तर मी पंचविशीची होते. म्हणजे वयाचा दोष नाही, मुळातलाच आहे."

हे सुनेला नवीन होतं. मी दिलेला चहाचा कप तिनं तसाच खाली ठेवला.

आक्कांची कवळी एव्हाना सापडली होती, त्यांच्याच पदराच्या गाठीत. ती बसवून त्या म्हणाल्या, "नुसतं बोलताय काय? म्हण की काहीतरी. मी अजून तुझं गाणं ऐकलेलं नाही."

"आक्का, तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"मग उजव्या बाजूला बस."

मावशी लाजल्या. पण आक्कांपुढे कुणाचं चालत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि लहान मुलाला झोपवताना घालतात तशी साधी चाल, शब्दांशिवाय, गुणगुणायला सुरुवात केली. मी कपबशा गोळा करत होते, ती थांबले. केवढा उबदार आवाज! हिवाळ्यात उन्हात टाकलेली रजई अंगावर घ्यावी तसा.

आणि ओळ संपता संपता मावशींची हनुवटी हळूच खिडकीकडे वळली.

मला वाटलं, बाहेर काही दिसलं असेल. पण डोळे तर मिटलेले. दुसरी ओळ. पुन्हा ओळीच्या शेवटी मान खिडकीकडे. तिसरीला पुन्हा. माणूस चारचौघांत खोकला आला की जसा तोंड बाजूला करतो ना, अगदी तसं.

"मावशी," मी म्हटलं, "खिडकीत काय आहे?"

"कुठे काय?"

"ओळ संपली की तुम्ही तिकडे वळता."

"मी? छे!"

"वळतेस," आक्का म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या तोंडाला वास येतोय."

सून ताडकन उठली. "आई, पुन्हा म्हणा. मला दिसेल असं."

मावशींनी पुन्हा म्हटलं, या वेळी डोळे उघडे ठेवून. शेवटी मान वळली, आणि वळलेली मान त्यांना स्वतःलाच जाणवली. त्या तशाच खिडकीकडे बघत थांबल्या.

"अगं बाई," त्या हळू म्हणाल्या. "हे तर श्वासासाठी."

मग त्यांनी सांगितलं. कोरसमध्ये दहाबारा बायकांना मिळून एक माईक. ओळ संपली की सगळ्या एकदम श्वास घेणार, तो माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माईकला सूर द्यायचा, श्वास द्यायचा नाही. मान वळवून घ्या. जी वळवायची नाही तिला मास्तर सगळ्यांसमोर "इंजिन" म्हणायचे. मावशींना एकदाच म्हणाले. त्यानंतर त्यांची मान आपोआप वळायला लागली, आणि श्वास चुकूनही सापडू नये म्हणून सूर संपायच्या आधीच वळायला लागली.

"आई!" सून कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. "तुम्ही प्रत्येक अक्षराला वळलात! 'का' म्हणून वळलात, 'की' म्हणून वळलात! मी तीन आठवडे प्रोग्राम उसवत बसलेय!"

"मग तू बघितलं का नाहीस?"

"तुम्ही बघू दिलंत का? दार आतून कुणी लावलं होतं? 'सुनेसमोर गायला लाज वाटते' हे कोण म्हणालं?"

मावशींचा चेहरा मी आजवर पाहिला नव्हता असा दिसत होता. मग त्यांनी मफलर काढला, हातात गोळा केला आणि एकदम हसायलाच लागल्या. मोठ्यानं. मावशींचं हसू भिंतीपलीकडून कधी ऐकू आलं नव्हतं.

"म्हणजे त्या दिवशीही," हसता हसता त्या म्हणाल्या, "काचेपलीकडे... मी वळलेच असणार गं! गळा नव्हताच. मान होती!"

"इतकी वर्षं फुकट गुळण्या केल्यास," आक्का म्हणाल्या.

सोमवार तोंडावर आला होता. सगळे तुकडे पुन्हा गायचे होते. नवी अडचण अशी की ज्या सवयीला आयुष्य गेलं ती दोन दिवसांत कशी जाणार? सुनेनं माईकमागे "वळू नका" अशी पाटी लावली. मावशी पाटी वाचायच्या आणि वळायच्या. मी म्हटलं, नुसत्या माईकसमोर त्या जन्मभर गायल्या, त्यांना माणूस द्या समोर. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मावशी कधी तोंड फिरवत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

झालं. आमच्या मागच्या खोलीत, घरातल्या सगळ्या गाद्या उभ्या करून, माईकच्या पलीकडे खुर्चीत आक्कांची स्थापना झाली. यांचा मोबाइल जप्त. माझा मिक्सर बंद. आम्ही दोन्ही दिवस पाव आणि फळांवर काढले.

"मा," मावशी गायल्या.

"काय?" आक्का.

"आक्का, तुम्ही बोलायचं नाही," सून म्हणाली. "बोट वर करा फक्त, ऐकू आलं की."

"मग ऐकू येईल असं म्हण म्हणावं तिला."

"माऽऽ," मावशी. आक्कांचं बोट खालीच. मावशींची हनुवटी हलली, तशी आक्कांनी काठीचं टोक उचललं. हनुवटी जागेवर आली. सूर पुढे गेला, भरलेलाच राहिला, आणि अगदी शेवटाला आक्कांचं बोट वर झालं.

हेडफोन घातलेली सून माझ्याकडे बघून नुसती मान डोलवत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते गादीच्या धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी "घा, घी, घू" चालू असताना आक्कांना डुलकी लागली आणि त्या घोरू लागल्या. त्या ओळीतले तुकडे पुन्हा घ्यावे लागले. "ठेवा की," आक्का जाग आल्यावर म्हणाल्या. "मीही कोरसमध्ये." आता मावशी दार लावून घेत नव्हत्या. सून समोर होती, मी होते, चहा घेऊन हे डोकावत होते, आणि त्या आमच्या देखत गात होत्या.

सोमवारी सकाळी आमच्याच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. सुनेनं नवे तुकडे घालून आवाज तयार केला होता. कंपनीतल्या मुख्य बाईंना पाठवलाही होता. फोन येईपर्यंत आम्ही ऐकणार होतो.

"कुठले शब्द घालू?" सुनेनं विचारलं.

"दूध उतू चाललंय, गॅस बंद कर," आक्का म्हणाल्या. "या घरात रोज लागतं."

सुनेनं तेच टाइप केलं, सूर मांडले आणि बटण दाबलं. लॅपटॉपमधून मावशींचा आवाज आला, उन्हातल्या रजईसारखा. दूध उतू चाललंय. कुठे टक् नाही, कुठे पत्रा नाही. गायिका घरातच होती, दार उघडून कुठेही गेली नाही. "कर"वरचा सूर लांबत गेला आणि आपल्या जागी येऊन थांबला. आमचे हे खरंच गॅस बघून आले.

तेवढ्यात फोन वाजला. सून उभ्यानंच बोलली, "हो... हो... नक्की?" आणि फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाली, "ठेवतायत! आईंचाच ठेवतायत!"

आक्कांनी काठी आपटली. मी मावशींना मिठी मारली. त्या हसत होत्या, पण नजर लॅपटॉपवर.

"पुन्हा लाव गं ते," त्या म्हणाल्या.

सुनेनं लावलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. एक हात छातीवर. ओळ संपली, लगेच पुढची सुरू झाली, आणि त्यांचा हात आपोआप वर उचलला गेला, काहीतरी राहिल्यासारखा.

"काय झालं, आई? आहे का अजून दोष?"

"दोष नाही. छान आहे. पण ही मधे थांबत नाही गं. माझाच जीव घुसमटतो ऐकताना."

"श्वास निघून गेलेत. खरखर समजून ते आपोआप साफ होतात. या वेळी तुमचे सगळे आलेत, माईकसमोर घेतलेत ना. सगळे पुसले गेले."

फोन अजून चालू होता. पलीकडून मुख्य बाईंचा आवाज आला, त्यांनी सगळं ऐकलं असावं. "मावशींना विचारा, आवाजाला नाव काय द्यायचं? आणि त्यांना काही हवंय का, तेही विचारा."

सुनेनं फोन मावशींपुढे धरला. मावशी थोड्या पुढे सरकल्या. मान सरळ ठेवून, आक्कांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या.

"नाव तुम्हाला आवडेल ते द्या. मला फक्त एक हवंय. ओळ सुरू व्हायच्या आधीचा माझा श्वास आहे ना, तो काढू नका."